वीतभर विठोबा : शिवणीच्या ठोकळ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत

घरातल्या देव्हाऱ्यात मूर्ती केवढी असावी, याचं माप मत्स्यपुराणात दिलंय : अंगठ्याच्या पेराएवढी ते वितस्तीएवढी, म्हणजे वीतभर. त्याहून मोठी घरात नको. वीत म्हणजे १२ अंगुळं, सुमारे ९ इंच. आम्ही कोरलेली मूर्ती तेवढीच आहे. विटेवरचा विठोबा, शिवणीच्या लाकडात, पूर्ण हातानं. पुढची सगळी मापं या एका मूर्तीची आहेत आणि ती इंच-सुतात आहेत, कारण वखारीत आणि सुताराच्या पेटीपाशी अजून तेच चालतं. १ इंच म्हणजे ८ सूत.

विठोबा निवडण्यामागे भक्ती असेल ती असो, लाकडाच्या बाजूनंही तो सोयीचा देव आहे. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. तंतूंच्या दिशेनं गेलेला भाग बारीक झाला तरी टिकतो, आडवा गेलेला भाग काडीसारखा मोडतो. बासरीवाला कृष्ण घ्या. बासरी आडवी, दोन्ही हात पुढे आलेले, एक पाय दुसऱ्यावर तिरका. काम संपायच्या आत काहीतरी तुटतंच. गणपतीची सोंड वळताना एका जागी आडव्या तंतूंत जाते आणि बहुधा तिथेच ती सगळ्यात बारीक असते. विठोबा पाय जुळवून सरळ उभा. हात कमरेवर, म्हणजे अंगाला टेकलेले. मकरकुंडलं खांद्यांवर टेकलेली, त्यामुळे कानही सुटे नाहीत. डोक्यावरचा उंच टोप तंतूंच्याच दिशेत. धोक्याची जागा एकच, कोपरं. त्यांच्याकडे पुढे येऊच.

लाकडाबद्दल पहिला प्रश्न येतो तो कुठलं लाकूड चालतं हा. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात दगडाच्या मागोमाग लाकडाची मूर्ती येते. बृहत्संहितेतल्या यादीत देवदार, चंदन, शमी, मोह, खैर, बेल, अर्जुन, आंबा अशी कितीतरी झाडं आहेत. पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाचा असतो. शास्त्र इतकं अडवत नाही, जितकं लाकूड अडवतं.

सागवान टिकाऊ, पण त्यात वाळूसारखे सिलिकाचे बारीक कण असतात. पटाशीची, म्हणजे कोरायच्या छिन्नीची, धार तासाभरात बसते. शिवाय सागाची रेषा ठळक, गालावर पट्टे उमटतात. फणस कोकणात सहज मिळतो. कापल्यावर हळदीसारखा पिवळा, पुढे हळूहळू तपकिरी. त्याचे तंतू थराथरानं उलटसुलट वळलेले असतात, म्हणजे एकाच गालावर पटाशी अर्धी सुलट चालते आणि अर्धी उलट. कडुनिंबाचंही तसंच. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा हमखास लागतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरत आले आहेत. तो हलका आणि मऊ, रंगाखाली उत्तम, मात्र त्यात डोळ्याची पापणी काढायला गेलं की कडा चुरते. चंदनाच्या खरेदी-वाहतुकीवर सरकारी निर्बंध आहेत, आणि चंदन म्हणून विकलं जाणारं बरंचसं लाकूड म्हणजे अत्तर पाजलेलं भलतंच काहीतरी असतं. आतून एक ढलपी काढून वास घ्या, लगेच कळतं.

दत्तमूर्ती औदुंबराच्याच लाकडाची हवी, असा कित्येकांचा आग्रह असतो. उंबराचं लाकूड मऊ आणि किडीला फार लवकर बळी पडणारं. भावना समजते, पण अशी मूर्ती चार पावसाळे काढेल याची हमी कोणी देऊ नये. पांढऱ्या रुईच्या मुळाच्या मांदार गणपतीलाही हेच लागू. तो चांदीच्या डबीतच बरा.

शिवण या सगळ्यांत मधली वाट. रंग गव्हाळ, वजनाला सागापेक्षा हलकी, रेषा शांत. मुख्य गुण म्हणजे सुकताना ती फार आकसत नाही आणि सुकल्यावर मुरडत नाही. तिची एक खोड आहे. सागात बाहेरचा पांढरा थर आणि आतलं पक्कं लाकूड डोळ्यांना वेगळं दिसतं. शिवणीत तो फरक पुसट असतो. कीड आधी लागते ती त्या बाहेरच्या थराला. म्हणून ठोकळ्याचं टोक ओल्या फडक्यानं पुसून उजेडात पाहायचं, सालीकडचा दोन बोटं भाग सोडूनच माप धरायचं. भराभर वाढवलेल्या लागवडीच्या शिवणीत वाढीची वर्तुळं रुंद असतात आणि लाकूड कापसासारखं तुसं धरतं. वर्तुळं जवळजवळ असलेला ठोकळा मिळाला तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आमचा ठोकळा ११ इंच लांब, साडेतीन इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. मूर्ती ९ इंचांची, खालचे २ इंच शिकंजात धरायला. घेताना टोकाला पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे खोडाचा मधला बिंदू ठोकळ्यात आलाय का. आला असेल तर तो ठोकळा फुकट मिळाला तरी घेऊ नये. लाकूड सुकताना वर्तुळाच्या कडेनं जितकं आकसतं, तितकं मध्यातून बाहेरच्या दिशेनं आकसत नाही. पहिलं दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. मधला बिंदू ठोकळ्यात असला की हा ताण सुटायला जागाच राहत नाही आणि बाहेरून मध्यापर्यंत चीर जाते. बाजारातल्या लाकडी मूर्तींच्या पाठीवर, कधी थेट छातीवर, उभी चीर दिसते तिचं कारण बहुतेक वेळा हेच. आख्ख्या फांदीतून कोरलेली मूर्ती चिरणारच.

वखारीतला ठोकळा 'सुका' असतो असं म्हणतात, म्हणजे हाताला सुका असतो. उघड्यावर सावलीत सुकवायचा ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष. पावणेतीन इंचाला पावणेतीन वर्षं. इतकं थांबायचं नसेल तर आधीच कापून ठेवलेला जुना ठोकळा शोधावा. पाडलेल्या घराचे वासे-खांब त्यासाठी चांगले, फक्त खिळे तपासून घ्यावेत. सुकत ठेवताना दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट जाड लावायचा, कारण टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं जातं आणि टोकं आधी फाटतात. खाली दोन पट्ट्या, चारही बाजूंनी वारा, ऊन अजिबात नाही. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर १० ते १२ टक्के आल्यावर हात घालावा. नसेल तर घरातला वजनकाटा पुरतो. आमचा ठोकळा आला तेव्हा १ किलो १८० ग्रॅम होता. दर रविवारी वजन. ८४० ग्रॅमवर तो सलग चार आठवडे थांबला, तेव्हा टोकांचं मेण खरवडलं.

पावसाळ्यात ही चाचणी फसवी ठरते. कोकणात जुलैत लाकूड हवेतलं पाणी पिऊन थांबतं, सुकून थांबत नाही. वजन स्थिर दिसतं म्हणून कोरायला घेतलं आणि मूर्ती पुढे देशावर गेली की पहिल्याच उन्हाळ्यात तडा. शेवटची वजनं फेब्रुवारी ते मेमधलीच धरावीत.

बृहत्संहितेत झाड तोडण्याआधी त्यावर दिशांच्या आणि वर-खालीच्या खुणा करायला सांगितल्यात. झाड जसं उभं होतं तशीच मूर्ती उभी राहावी, बुंधा पायाकडे, शेंडा डोक्याकडे. वखारीत ही खूण मिळत नाही, पण ठोकळ्यात छोटीशी गाठ असेल तर फांदी कुठल्या दिशेला वर चढत होती ते तिच्याभोवतीच्या रेषांवरून ओळखता येतं. पुढची बाजू ठरवताना टोकाची वर्तुळं पुन्हा पाहायची. वर्तुळांच्या कमानीचा मध्य मूर्तीच्या मध्यरेषेवर यायला हवा. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि पोटावर रेषांची नक्षी सारखी पडते. कमान एका अंगाला सरकली तर कोरणं अचूक असूनही चेहरा वाकडा भासतो, आणि का ते कळत नाही.

ठोकळा रंध्यानं चारही बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणला. मध्यरेषा, शिल्पाच्या भाषेत ब्रह्मसूत्र, पुढे, मागे, माथ्यावर आणि तळाला अशी सलग ओढली. ही रेषा दर थोड्या वेळानं पटाशीखाली उडून जाते, आणि उडाली की तिथल्या तिथे परत ओढायची. आळस केला की डावा खांदा एक सूत वर गेलेला कळतो तो फार उशिरा.

उंचीची वाटणी अशी : पीठ, म्हणजे खालची बैठक, ८ सूत, वीट ४, पावलांपासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत ४८, टोप १२. बेरीज ७२ सूत, ९ इंच. शिल्पशास्त्रातलं नवताल माप, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंची, इथे मुद्दाम घेतलं नाही. ४८ सुताचे नऊ भाग केले तर चेहरा जेमतेम सव्वापाच सूत येतो, त्यात डोळा एका सुताहून लहान, आणि तेवढ्यात पापणी काढणारी पटाशी आमच्याकडे नाही. सहापट उंची धरली, चेहरा ८ सूत. विठोबाचं ठाण असंही ठेंगणं-ठुसकंच शोभतं. चेहऱ्याखाली मान २, मानेपासून छाती ७, तिथून बेंबी ७, बेंबीपासून मांडीचा सांधा ५, मांडी ८, गुडघा २, पोटरी ७, पाऊल २. कोपरापासून कोपरापर्यंत २६ सूत, कंबर १४.

कागदावर पुढून आणि बाजूनं अशी दोन चित्रं काढून ती कार्बननं ठोकळ्यावर उतरवली. फेविकॉलनं कागद चिकटवायचा मोह होतो, पण निघताना तो तंतू ओढतो आणि उरलेल्या गोंदावर धार खराब होते.

हत्यारं फार लागत नाहीत. सपाट पटाश्या तीन : ६ सूत, ३ सूत, १ सूत. गोल पटाश्या तीन : ४, २ आणि १ सूत. व्ही आकाराची एक, २ सुताची. वाकड्या टोकाची छोटी सुरी. मोगरी (लाकडी हातोडा), बारीक दाताची करवत, शिकंजा. धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा सतत हाताशी. पटाशी बोथट झाल्याची खूण म्हणजे कापलेली जागा मळकट दिसायला लागते. धार असेल तर तीच जागा मेणासारखी चमकते. दर वीस मिनिटांनी पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढणं हे कोरण्याइतकंच काम आहे. पहिल्या मूर्त्या बिघडतात त्यातल्या निम्म्या बोथट पटाशीवर जास्त जोर लावल्यानं बिघडतात.

मोठा भाग आधी करवतीनं काढला. टोपाच्या दोन्ही बाजू, कोपरांखालचा भाग, पायांच्या बाजू. रेषेबाहेर दीड सूत सोडून आडवे काप घ्यायचे आणि त्या कापांपर्यंत पटाशीनं ढलप्या उडवायच्या. आडवा काप आधी नसेल तर ढलपी थांबत नाही, तंतूबरोबर धावत थेट खांद्यातून जाते. नियम एकच, उंचावरून खोलाकडे. पोटाचा उंचवटा असेल तर वरच्या अर्ध्याला पटाशी छातीकडे आणि खालच्या अर्ध्याला पायांकडे. पापुद्रा उचलायला लागला की तिथेच थांबून दिशा बदलायची. 'एवढं काढून टाकू' म्हटलं की खळगा पडतो.

ओबडधोबड आकार यायला आठ-नऊ तास लागले. या टप्प्यावर सगळीकडे दीड सूत जास्त, नाकाच्या जागी दोन सूत जास्त. नाक चेहऱ्याचा सगळ्यात पुढचा बिंदू आहे. ते उडालं तर अख्खा चेहरा मागे न्यावा लागतो, मग कान मागे, मग कुंडलं, आणि शेवटी छातीपुढे हनुवटीच राहत नाही.

कीड-प्रक्रिया इथेच करायची. आकार मोकळा झाल्यामुळे औषध आत जातं आणि बारीक काम अजून व्हायचं असतं. १ लीटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक पावडर, मूर्ती तीन तास बुडवून. वर येते, म्हणून दगड ठेवावा लागतो. त्यानंतर परत तीन आठवडे सावलीत, वजन मूळ जागी येईपर्यंत. हा खंड टाळणारे पुष्कळ आहेत. दोनेक वर्षांनी पीठाखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात, तेव्हा फार करता येत नाही.

आता कोपरं. हात कमरेवर असले की दंड खाली उतरतो, ते ठीक, पण कोपरापासून मनगटापर्यंतचा हात तंतूंना आडवा जातो. तो भाग सरळ आडवा काढला तर मोगरीच्या एका ठोक्यात निघतो. म्हणून चित्रातच कोपर मनगटापेक्षा ६ सूत वर घेतलं. हात तिरका, अंदाजे ४५ अंशांत उतरतो आणि काही तंतू तरी कोपरापासून मनगटापर्यंत सलग राहतात. दुसरी खबरदारी हात आणि अंग यांमधल्या त्रिकोणाची. तो आरपार पोखरलेला सुंदर दिसतो यात शंका नाही. आम्ही तो पुढून ८ सूत खोल नेला आणि मागे दोन सुतांचा पडदा तसाच ठेवला. पुढून पाहताना सावलीमुळे तो आरपारच वाटतो, आणि देव्हाऱ्यातला विठोबा मागून कोण पाहतो? या जागेत मोगरी वापरायची नाही. हातानं ढकलायची पटाशी, दुसऱ्या हाताचा अंगठा पात्यावर ब्रेकसारखा. तरीही उजव्या कोपराखाली केसाएवढी चीर उघडली. सुरीच्या टोकानं पातळ फेविकॉल आत सोडून दोऱ्यानं आवळून रात्रभर ठेवलं. तंतू सुटायच्या आत पकडलं तर अशी चीर पुढे त्रास देत नाही.

डाव्या हातात शंख, उजव्या हातात कमळाचा देठ. दोन्ही कमरेला चिकटूनच, उठाव दीड सुताचा. शंखाची वळणं व्ही पटाशीनं तीनच घेतली. वीतभर मूर्तीत पाच वळणं केली की शंखाचा स्क्रू होतो. छातीवर कौस्तुभ, गळ्यात तुळशीमाळ. माळेचे मणी एकेक गोल कोरत बसण्यात अर्थ नाही. आधी माळेची सलग दोरी सोडायची, तिच्यावर १ सुताच्या गोल पटाशीचे समोरासमोर दोन ठोके, की मणी आपोआप सुटा होतो. माळ छातीवर उभी जाते तिथे मणी टिकतात. खाली वळते तिथे तंतू आडवे येतात आणि दर तिसरा मणी उडतो. तिथे मणी थोडे मोठे घ्यायचे, नजरेला खटकत नाही.

डाव्या मांडीवर तीन सूत खोलीत तपकिरी गाठ निघाली. बाहेरून तिचा पत्ता नव्हता. गाठीभोवती तंतू वळसा घेतात, त्यामुळे कुठल्याही बाजूनं गेलं तरी पटाशी उलटच पडते. धोतराची एक चुणी ठरल्या जागेपासून सरकवून गाठीवरून नेली आणि चुणीची खाच नेमकी तिच्यातून गेली. गाठ कठीण असल्यामुळे खाचेची कड उलट फार स्वच्छ आली.

पावलं आणि वीट यांमध्ये फट कोरायची नाही, फक्त व्ही पटाशीची रेघ. विटेच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना हात लागून लागून ते मोडतात, म्हणून ते अर्धा सूत आधीच गोलवले.

चेहऱ्याला दहा तास गेले, आणि तो दिवसाच्या उजेडात केलाच नाही. खोलीत अंधार, एक दिवा डावीकडे कमी उंचीवर. तिरप्या प्रकाशात जी चूक आरडाओरडा करते ती समोरच्या उजेडात दिसतही नाही. मग दिवा उजवीकडे. अधूनमधून आरशात पाहायचं. वाकडेपणा डोळ्याला सवयीचा झालेला असतो, आरसा तो परत उघडा पाडतो.

कपाळ, नाक आणि नाकाखालचा भाग असे उंचीचे तीन सारखे वाटे. चेहऱ्याची रुंदी साडेसहा सूत, डोळा सव्वा सूत, दोन डोळ्यांत एका डोळ्याची जागा. क्रम असा : आधी चेहरा अंड्यासारखा गोलवायचा, मग नाकाचा त्रिकोण सोडून दोन्ही बाजूंना डोळ्यांचे खळगे, मग हनुवटी आणि ओठांचा एकच उंचवटा. त्यात मधली रेघ घेतली की दोन ओठ होतात. नवखा हात डोळे आधी काढतो आणि ते सपाट भिंतीवर काढल्यासारखे होतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा पाऊण सूत मागे जायला हवा, तरच चेहरा गोल दिसतो. ओठाखाली पटाशी खालून वर कधीच नेऊ नये, खालचा ओठ सबंध निघून हातात येतो. नाकपुड्यांना भोक नाही, फक्त १ सुताच्या गोल पटाशीचा हलका दाब.

डोळे सगळ्यात शेवटी. परंपरेतलं नेत्रोन्मीलन शेवटीच होतं, आणि कामाच्या दृष्टीनंही तेच बरोबर, कारण गाल-कपाळ घासताना पापणीची कड पहिली जाते. वरची पापणी एका दमात, सुरी लाकडात टेकवून ठोकळा फिरवत. सुरी उचलून परत टेकवली की तिथे गाठ दिसते.

पॉलिश पेपरनं सगळी मूर्ती घासणं ही सर्रास होणारी चूक. धारदार पटाशीनं कापलेली जागा प्रकाश परत फेकते, घासलेली जागा तो गिळते. शिवाय कागदाचे कण तंतूंत अडकतात आणि नंतर एखादी रेघ सुधारायला गेलं की धार जाते. फक्त गाल, पोट आणि टोप घासला, २२० नंबरनं, मग ओलं फडकं फिरवून, तुसं उभी राहिल्यावर ४०० नंबरनं. माळ, चुण्या, कुंडलं तशीच. दुकानात मशीनवर कोरलेली मूर्ती ओळखायची खूणही इथेच सापडते : मशीनच्या रेघा सारख्या अंतरावर, कानामागे आणि माळेखाली काहीच पोखरलेलं नाही, आणि कपाटात तिची हुबेहूब जुळी बहीण. भुसा आणि गोंद साच्यात ओतून केलेल्या मूर्तीच्या तळाला वर्तुळंच नसतात.

रंगवायचा विचार होता, तो सोडला. रंगवायचं असेल तर खडूची पूड चिंचोक्याच्या खळीत कालवून अस्तर द्यावं लागतं आणि त्या थरात पापणी बुजते. रंगवायच्या मूर्तीचं कोरणं मुळातच जास्त खोल हवं. आम्ही डबल बॉइल्ड जवसाचं तेल दिलं. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मं पातळ करून, पुढचे दोन नुसते, प्रत्येकात दोन दिवस अंतर, आणि दर वेळी पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढलेलं. पुसलं नाही तर खाचांत चिकट पिवळी साय धरते. तळालाही तितकेच हात, नाहीतर ओलावा एकाच बाजूनं ये-जा करतो. तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरावं किंवा पाण्यात बुडवावं. आठवड्यानं मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, बुटाच्या मऊ ब्रशनं घासून. खोबरेल किंवा तिळाचं तेल मूर्तीला चोळतात, ते सुकत नाही, खवट होतं आणि धूळ धरतं.

रखुमाई करायची असेल तर तिचा ठोकळा याच फळीचा, याच्या शेजारचा हवा आणि तो आधीच राखून ठेवायला हवा. वेगळ्या खोडाची आणली तर वर्षभरात दोघांचे रंग दोन दिशांना जातात.

देव्हाऱ्यात बसवताना खालचे २ इंच कापून तळ रंध्यानं सपाट केला आणि सुताएवढ्या जाडीचे लोकरीचे चार तुकडे लावले, म्हणजे पीठाखाली हवा फिरते. लाकडी मूर्तीला अभिषेक नाही. समोर तबकात सुपारी किंवा पितळी नाणं ठेवून पाणी-पंचामृत त्यावर, आणि मूर्तीवर फुलानं एक थेंब शिंपडला की पुरे. कपाळाला ओलं गंध रोज लावलं तर तिथलं तेल उतरून कायमचा डाग पडतो; अष्टगंधाचा टिळा लावायचाच तर बुक्क्यासारखा कोरडा. निरांजन किमान वीतभर पुढे. धुराची काजळी टोपाखाली साठते, ती कोरड्या ब्रशनं झटकायची, ओल्या फडक्यानं पुसली तर तंतूंत मुरते. एसीचा झोत आणि खिडकीतलं ऊन, दोन्ही टाळायची.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये पाठीवर दोऱ्याएवढी फट दिसू शकते. घाईनं लांबी (पुटी) किंवा भुसा-फेविकॉल भरू नये. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फट मिटायला बघते, आत भरलेला कठीण माल तिला मिटू देत नाही आणि मग तडा दुसऱ्या जागी जातो. मेण भरायचं, ते दाबलं जातं आणि जास्तीचं वर येतं, तेवढं नखानं काढता येतं. पीठाच्या तळाला आम्ही पेन्सिलीनं वजन लिहून ठेवलंय : मे, ३३६ ग्रॅम. त्याखाली जुलै, ३४७.